घडी चालेल, चोळामोळा नको

आमच्या ऑफिसच्या लेडीज वॉशरूममधला आरसा माणसाला कंबरेपर्यंतच दाखवतो, तोही समोरून. त्यामुळे कुर्त्याची पाठ कशी दिसतेय हे मला त्या दिवशी कळायला मार्गच नव्हता. तिमाही बैठकीत प्रोजेक्टरची वायर लावायला मी वळले आणि मागून आमच्या हिशेब विभागातली मैत्रीण कुजबुजली, "अगं, गाईनं चघळून टाकल्यासारखा दिसतोय कुर्ता. आज लोकलमध्येच झोपली होतीस का?"

झोपले नव्हते. पोहून आले होते.

सत्तेचाळिसाव्या वर्षी साखर काठावर आली. डॉक्टर म्हणाले, रोज घाम निघेल असा व्यायाम करा. गुडघे म्हणाले, पळायचं नाही. उरलं पोहणं. मी डोंबिवलीला राहते, ऑफिस फोर्टात. संध्याकाळी घरी पोचायला आठ वाजतात आणि त्यानंतर कुकर लावायचा की पोहायचं हा प्रश्नच नसतो. म्हणून पहाटे पाचची लोकल, दादरला उतरून पश्चिमेच्या एका तलावात साडेसहाची बॅच, मग पुन्हा लोकल आणि सीएसएमटी. कागदावर हे फार सुंदर दिसत होतं. थंड पाणी, धाप, लवकर उठणं ह्या सगळ्याची तयारी मी केली होती. कपड्यांचा विचारच केला नव्हता.

पहिले तीन आठवडे मी घरूनच ऑफिसचा कुर्ता घालून निघायचे. पहाटेच्या गाडीत जागा मिळते. डोंबिवलीत राहणाऱ्या बाईला बसायला जागा मिळाली तर ती सोडायची ही कल्पना सुचतच नाही, त्यामुळे मी ऐसपैस खिडकीशी बसायचे. दादरला उठले की मांड्यांवर आडव्या चुण्या आणि पाठीवर सीटच्या पट्ट्यांचा नकाशा. अंगाची ऊब, थोडा घाम आणि साठ किलो वजन तासभर एकाच ठिकाणी. इस्त्रीला तरी आणखी काय लागतं? मी स्वतःच्या कुर्त्याला स्वतःच उलटी इस्त्री करत होते. वर तो कुर्ता तलावावर काढून पिशवीत कोंबायचा, आणि पोहून झाल्यावर अर्धवट पुसलेल्या अंगावर ओढून चढवायचा. ओल्या पाठीवर सुती कुर्ता चढवून पाहिलाय कधी? तो मध्येच अडकतो, गोळा होतो, आणि आपण मागे हात नेऊन त्याला खाली खेचत राहतो. बैठकीतली पाठ ही त्या खेचाखेचीची.

मग ठरवलं, ऑफिसचे कपडे सॅकमधून न्यायचे. घडीपेक्षा गुंडाळी बरी असं सगळे सांगतात, म्हणून कुर्ता गुंडाळला. पण दादरला पहाटे कुणी उतरलंय का? पुलावरून खाली आलात की फूलबाजार. झेंडूच्या ओल्या गोणी, अष्टरच्या जुड्या, पानांच्या पाट्या, आणि डोक्यावर भार घेऊन "बाजू, बाजू" करत येणारी माणसं. मला तो बाजार फार आवडतो, सकाळी सहाला इतका ताजा वास मुंबईत दुसरीकडे कुठे मिळणार? पण एके दिवशी एका गोणीनं माझ्या सॅकला छान आंघोळ घातली. आत गुंडाळीची बाहेरची बाजू दमट झाली. त्यात पोहून आल्यावर ओला पोशाख कॅरीबॅगेत गाठ मारून त्याच सॅकमध्ये टाकला. कॅरीबॅगेच्या गाठी किती खोट्या असतात हे ऑफिसात पोचल्यावर कळलं. कुर्ता उलगडला तर गुंडाळीच्या प्रत्येक वळणावर एक चुणी, आणि ती हातानं ओढून जाईना.

त्या महिन्यात मी पैसेही घालवले. हातात धरायचं वाफेचं यंत्र आणलं. घरी ते बरं चालतं, पण ऑफिसच्या पॅन्ट्रीत लावलं तेव्हा मायक्रोवेव्ह आणि कॉफी मशीनसकट सगळा बोर्ड बंद पडला. सकाळी पावणेनऊला कॉफी बंद पाडणाऱ्या बाईकडे लोक कसे बघतात ते मी सांगत नाही. केस सरळ करायच्या चिमट्यानं गळ्याची पट्टी आणि बटणपट्टी दाबायची युक्ती मात्र खरी आहे, सुती कापडावर झकास होते. जॉर्जेटवर करू नका. माझ्या एका निळ्या कुर्त्याच्या गळ्यापाशी अजून चकचकीत डाग आहे, तो आता कायमचा.

खरी गोष्ट मला कळली ती आमच्या सोसायटीबाहेरच्या इस्त्रीवाल्या चाचांकडून. जिन्याखाली त्यांचं टेबल, कोळशाची जड इस्त्री, मूळचे जौनपूरचे. मी रात्री नऊला जाऊन कुर्ता त्यांच्या हातातून गरमागरम घ्यायचे आणि तिथेच घडी करून पिशवीत टाकायचे. ताजी इस्त्री, म्हणजे जास्त टिकेल, असा माझा हिशेब. एकदा मी तक्रार केली की तुमची इस्त्री सकाळपर्यंतसुद्धा राहत नाही. त्यांनी इस्त्री उभी केली आणि म्हणाले, "मॅडम, कपडा अभी पका नहीं है. ठंडा होने दो, फिर तह करो."

कपडा पिकायचा असतो हे मला नवीन होतं. त्यांनी दोरीवर तो अर्धा तास टांगला आणि मग दिला. दुसऱ्या दिवशी तोच कुर्ता, तीच सॅक, तीच गुंडाळी, आणि चुण्या निम्म्यावर.

माझा भाचा माटुंग्याच्या आयसीटीत कापडावरच्या प्रक्रिया शिकलाय. त्याला मी हे चमत्कार म्हणून सांगितलं तर तो हसला. कापूस म्हणजे सेल्युलोज, लांबच लांब साखळ्या, आणि त्या साखळ्यांनी एकमेकींचे हात धरलेले असतात. पाणी आत शिरलं की हात सुटतात, साखळ्या सरकतात. पाणी उडालं की ज्या स्थितीत असतील त्या स्थितीत पुन्हा हात धरतात. उष्णतेनं हे सगळं लवकर होतं. मला हे लेडीज डब्यामुळे लगेच समजलं. ठाण्याला उठाउठी होते, सगळ्याजणी सरकतात, आणि गाडी सुटली की जी जिथे टेकली ती पुढे दादरपर्यंत तिथलीच. कापडावर पाणी शिंपडून इस्त्री फिरवतो तेव्हा आपण त्या साखळ्यांना सरळ बसवत असतो. पण इस्त्रीखालून काढलेल्या कापडात ऊब आणि थोडा ओलावा उरलेला असतो, गाडी अजून ठाण्यातच उभी असते. तेव्हा घडी घातली की साखळ्या घडीतच बसतात.

म्हणजे मी इतके दिवस भांडत होते घडीशी, आणि भांडायला हवं होतं ओलाव्याशी. इस्त्रीतला ओलावा, गोणीतला, टॉवेलमधला, केसांमधला आणि माझ्या अंगातला. मराठीत ह्यासाठी शब्दही वेगळे आहेत. घडी ही आपण घातलेली असते. चुरगळणं, चोळामोळा होणं हे आपोआप होतं.

भाच्यानं आणखीही दोन गोष्टी सांगितल्या. पॉलिएस्टर पाणी फारसं पीत नाही, म्हणून त्याला चुण्या कमी. तो साधारण सत्तर-ऐंशी अंशांना मऊ पडतो आणि थंड होताना तो आकार धरून ठेवतो. आमच्या बाबांची टेरिकॉटची पँट आठवली. तिची धार वर्षानुवर्षं गेली नाही, गुडघ्याला पीळ पडला तरी धार जागेवर. आणि नवऱ्याचे जे 'रिंकल-फ्री' शर्ट असतात त्यांत सुती धाग्याच्या साखळ्या रसायनानं एकमेकींना कायमच्या बांधलेल्या असतात, त्यासाठी बहुधा फॉर्मल्डिहाइडपासून केलेली राळ वापरतात. त्यामुळे कापड थोडं कमजोर होतं आणि घाम कमी शोषतं. तोटे ऐकून मी त्या वाटेला गेले नाही. मे महिन्यात दादर पुलावर घाम न शोषणारा कुर्ता घालून चालायचं म्हणजे प्लास्टिकच्या पिशवीत बसल्यासारखं. चुण्या परवडल्या.

मग मी एकेक गोष्ट बदलत गेले. टॉवेल बंद केला, पंचा आणला. जाड टॉवेल पाणी धरून ठेवतो आणि दिवसभर सॅकमध्ये वास मारत बसतो. पंचा पिळला की हलका, आणि खुर्चीच्या पाठीवर तासाभरात वाळतो. एक पंचा अंगाला, एक केसांना. माझे केस कंबरेपर्यंत आहेत आणि टोपी घालूनही भिजतात, तेव्हा केसांचा पंचा खांद्यावर तसाच ठेवून मी सीएसएमटीपर्यंत येते. लोक बघतात. बघू देत. आधी हेच पाणी कुर्त्याच्या पाठीवर झिरपत होतं आणि मी सीटला दोष देत होते.

ओला पोशाख आता सॅकच्या आतच येत नाही. भाजीवाल्याच्या जाळीच्या पिशवीत, बाहेर लटकलेला. उलट कोरडे कपडे बंद पिशवीत, आणि गाभ्याला मागच्या वर्षीचं कालनिर्णय. म्हणजे सगळी पानं एकत्र घट्ट गुंडाळून त्याची नळी करायची, तिच्यावर जुन्या मलमलच्या साडीचं फडकं, म्हणजे शाई लागत नाही, आणि त्यावर कुर्ता, उलटा करून, बाह्या आत घेऊन. गुंडाळीचं पहिलं वळण जितकं मोठं तितकी चुणी कमी. नुसत्या कापडाची गुंडाळी आत चिरडते ती ह्यामुळेच, तिथे वळण जवळजवळ शून्य असतं. ह्याला काही खर्च नाही, आणि जानेवारीत नवीन नळी मिळते.

सगळ्यात मोठा फरक मात्र कपडे कधी घालायचे ह्यानं पडला. पोहून, आंघोळ करून निघालं की आपल्याला वाटतं आपण थंड झालो. आपण थंड झालेलो नसतो. तलावापासून स्टेशनापर्यंत चाललं की घाम पुन्हा सुरू, आणि आठच्या सुमाराची दादरची गाडी तुम्हाला माहीत आहे. म्हणून तलावावरून निघताना मी होजियरीचा एक जुना, बिनइस्त्रीचा कुर्ता घालते. तो चुरगळला तरी कळत नाही, कारण तो आधीच काही धड दिसत नाही. ऑफिसात साडेआठला पोचते, पंख्याखाली बसून डब्यातलं थालीपीठ खाते, पेपर वाचते, आणि अर्ध्या तासानं, अंग हाताला गार लागलं की मगच बदलते. आमचं ऑफिस साडेनऊचं. ही अर्ध्या तासाची गंमत ज्यांचं ऑफिस आठला सुरू होतं त्यांना शक्य नाही हे मला कळतं. त्यांनी काय करावं ते मला सांगता येत नाही.

सोमवारी तलावाला सुट्टी. त्या दिवशी मी चार दिवसांचे कपडे हँगरवर, वरून जुन्या गादीच्या अभ्र्याचं कव्हर शिवून, घेऊन येते. पहाटेच्या गाडीत उभ्यानं धरायच्या कडीला हँगर अडकवला की सगळं कव्हर डुलत येतं, एखादी बिनडोक्याची बाई उभी असल्यासारखं. पहिल्यांदा केलं तेव्हा समोरच्या मटार सोलणाऱ्या मावशी म्हणाल्या, "हिचा पास काढलाय का?" आता त्याच मावशी मी चढले की कडी रिकामी ठेवायला लावतात. साडेसातला ऑफिसात पोचून कपडे टांगते आणि ओव्हल मैदानाला चार फेऱ्या मारून येते. सोमवारचा व्यायाम तेवढाच.

टांगते कुठे, तर रेकॉर्ड रूममध्ये. आमचे रेकॉर्डवाले काका निवृत्तीला आलेत, भले गृहस्थ. त्यांनी एका लोखंडी कपाटातल्या जुन्या फायली सरकवून अर्धा कप्पा रिकामा करून दिला आणि आडवी सळईसुद्धा बसवून दिली. एसीमुळे तिथली हवा कोरडी, टांगलेल्या कपड्यांच्या बारीक चुण्या एका दिवसात स्वतःच्या वजनानं जातात. फक्त फायलींसाठी ठेवलेल्या डांबराच्या गोळ्यांचा वास पहिल्या आठवड्यात असा बसला की साहेबांनी विचारलं, "लग्नाला जाऊन आलात का?" आमच्याकडे लग्नालाच ट्रंकेतली साडी निघते, त्यामुळे प्रश्न बरोबरच होता. गोळ्या काढल्या, कडुनिंबाचा पाला ठेवला.

एवढं सगळं बसवलं आणि जून आला.

पावसात ह्यातलं निम्मं चालत नाही. हवेतच ऐंशी-नव्वद टक्के आर्द्रता, कुर्ता सॅकमधून बाहेर काढायच्या आधीच दमट. पंचे वाळत नाहीत. हार्बर बंद, मध्य रेल्वे उशिरानं, आणि शुक्रवारी नेमका हँगरवरचा कुर्ता संपलेला. पहिल्या पावसाळ्यात मी जुलैचे दोन आठवडे पोहणं सोडलंच होतं. तेव्हा आईनं फोनवर विचारलं, "मग साडी का नाही नेसत?"

मी हसले. पोहून झाल्यावर साडी! पण आईच्या म्हणण्यात दम होता. कुर्त्याला शिवण असते, कापड वेगवेगळ्या दिशांनी ओढलेलं असतं, म्हणून एक चुणी पडली की ती वाकडीच दिसते. साडी म्हणजे साडेपाच मीटर सपाट कापड. तिच्यावर घडीच्या रेषा असल्या तर कुणी नाव ठेवत नाही, उलट ती कपाटातून नीट काढलीय असं दिसतं. निऱ्या तर मुद्दाम घातलेल्या चुण्याच. पदर पाठीवरून येतो, म्हणजे बैठकीत वळायची भीती नाही.

आईनं कृती सांगितली ती अशी. साडीला खळ नको. साबुदाण्याची खळ घातलेली साडी टांगली तर कडक सुंदर दिसते, पण पिशवीत दाबली की खळ मोडते आणि ती रेष पाण्याशिवाय जात नाही. साडी उभी घडी करायची, निऱ्यांचा भाग आधीच घालून मोठ्या पिनेनं धरून ठेवायचा, आणि सगळं बासनात बांधायचं. आपण एखादं काम लांबणीवर पडलं की बासनात गुंडाळलं म्हणतो. आजीच्या ट्रंकेत खरी बासनं होती, धुऊन मऊ झालेल्या धोतराची, आणि तिच्या साड्या पन्नास वर्षं न चुरगळता राहिल्या. सुती बासन दमट हवेतला ओलावा आधी स्वतः पितं. प्लास्टिकच्या पिशवीत तोच ओलावा आत कोंडतो.

नारायणपेठी, साधी इरकल, एक मंगळगिरी आणि दोन पॉलिकॉटनच्या. लिनन नाही, ती माझ्याच्यानं झेपत नाही. पिन लावलेल्या निऱ्या असल्या की नेसायला सहा मिनिटं लागतात, मोजली आहेत. पहिल्या दिवशी हिशेब विभागातली तीच मैत्रीण म्हणाली, "नवीन वाटतं? कुणाला दिली होतीस घडी मोडायला?" मी म्हटलं, "फूलबाजाराला."

ब्लाऊजचं मात्र अजून जमलेलं नाही. बाह्यांच्या घेराशी तो हमखास चुरगळतो, अस्तर एकीकडे आणि कापड दुसरीकडे. सध्या होजियरीचे ताणणारे ब्लाऊज घालते, आईला ते आवडत नाहीत. आणि अगदीच एखाद्या दिवशी फजिती झाली तर फवाऱ्याची छोटी बाटली आहे. सुती कापडावर हलकं पाणी मारायचं, दोन्ही हातांनी ताणून धरायचं आणि दहा मिनिटं पंख्याखाली. रेशमावर नाही, पाण्याचे डाग पडतात.

गेल्या मार्चमध्ये ऑडिटला मुख्य कार्यालयातून एक बाई आल्या होत्या. कडक. त्यांनी रेकॉर्ड रूममधलं प्रत्येक कपाट उघडून बघायचं ठरवलं. काका मध्ये पडायच्या आत त्यांनी माझं कपाट उघडलं. डावीकडे क्लेम फायली, उजवीकडे हँगरवर तीन साड्या, दोन कुर्ते, दारावर वाळत घातलेला पंचा, आणि खाली गुंडाळलेलं कालनिर्णय. मी दारातच उभी होते.

त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग एक पदर बोटांत धरून म्हणाल्या, "नारायणपेठ ना? सोलापूरहून घेतलीत?" मी हो म्हटलं. त्यांनी कपाट बंद केलं, वहीत काहीतरी लिहिलं, आणि मग आवाज खाली आणून विचारलं, "एखादा हँगर जास्तीचा आहे का? सकाळच्या विमानानं आले, उद्याचा ड्रेस बॅगेतच आहे."